जोगलटेंभीची नाणी आणि मुस्तफाचे यंत्र

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती. मूळची ती क्षत्रप नहपानाची. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा नव्याने उमटवून घेतला होता. नहपानाच्या घराण्याचा पाडाव झाल्याचे पांडवलेण्यांतील शिलालेख सांगतो, आणि या नाण्यांनी त्याला साक्ष दिली. नव्या ठशाखाली जुना चेहरा थोडाफार शिल्लक राहिला, म्हणूनच ही साक्ष आपल्यापर्यंत पोहोचली.

आज ज्या वस्तूकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, ती या प्राचीन नाण्यांच्या पंगतीला बसवली तर काही वडीलधाऱ्यांना हसू येईल. ही वस्तू म्हणजे नाणे टाकून खेळावयाचे व्हिडिओ गेमचे यंत्र. परंतु तिचाही इतिहास असाच, ठशावर ठसा उमटलेला आहे.

आमचे बालपण नाशिकरोडला गेले. देशाच्या नोटा १९२८ पासून ज्या गावात छापल्या जातात, त्या गावचे आम्ही रहिवासी; पण रविवारी सकाळी आमच्या खिशात जेमतेम दोन नाणी असत. मिस्साच्या वेळी दानाच्या थैलीत टाकण्यासाठी ती आईने दिलेली असत. त्यांतले एक थैलीत पडे. दुसरे, मिस्सा आटोपल्यावर, पडदा लावलेल्या एका अरुंद गाळ्यातील यंत्रात पडे. या अपराधाची कबुली आम्ही फादरांपाशी यथाकाल दिली. आईपाशी मात्र पुष्कळ वर्षांनी.

त्या गाळ्यात लाकडी खोक्यांची चार यंत्रे होती. सर्वाधिक गर्दी ‘मुस्तफा’भोवती असे. या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला, आणि त्याची कथा अमेरिकन चित्रकार मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथेवरून घेतली होती. चार पात्रांतून एक निवडावयाचे आणि एका वेळी तिघांनी खेळावयाचे, अशी त्याची रचना. जॅक टेनरेक, हॅना डंडी ही नावे आमच्या जिभेला परकी होती. मुस्तफा कैरो हा टोपीवाला, चपळ गडी तेवढा नावाने ओळखीचा वाटला. केवळ नाशकात नव्हे, तर देशातील कितीतरी गावांत मुलांनी त्या खेळालाच ‘मुस्तफा’ म्हणावयास सुरुवात केली. पुढे हा खेळ घरगुती यंत्रावर कधी आलाच नाही, त्यामुळे त्याच्या मूळ बाजारपेठेत तो बराचसा विस्मरणात गेला. आपल्याकडे मात्र चाळिशीतील गृहस्थही त्याचे नाव काढताच खुलतो.

आमच्या यंत्राच्या माथ्यावर मुस्तफाचे चित्र नव्हते. तेथे विटलेल्या रंगातील एक अंतराळयुद्ध होते. त्याचा उलगडा अनेक वर्षांनी, जुन्या जाहिरातपत्रकांची छायाचित्रे पाहताना झाला. ते चित्र नामको कंपनीच्या १९८१ सालच्या ‘गॅलागा’चे होते. म्हणजे खोके एका खेळाचे आणि आतला जीव दुसऱ्याचा! असे होण्यास कारणही होते. १९८५च्या सुमारास जपानमधील उत्पादकांच्या संघटनेने यंत्रातील जोडणीचे एक सामाईक माप ठरवले. तेव्हापासून खोके, पडदा आणि दांडे तेच ठेवून आतील पाटी तेवढी बदलता येऊ लागली. मालकाचा खर्च वाचला. पण प्रत्येक नव्या पाटीबरोबर एक जुना खेळ गावातून नाहीसा झाला. नहपानाच्या नाण्यावर सातकर्णीचा ठसा पडला, तसेच हे घडले.

मुस्तफाच्या पाटीचे आयुष्यही मोजकेच होते. नक्कल होऊ नये म्हणून कॅपकॉमने तिच्यातील ध्वनीची आज्ञावली कुलूपबंद केली होती, आणि त्या कुलपाची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या बळावर टिकून असे. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि धडधाकट दिसणारी पाटी निकामी होई. नकली पाट्यांना ही अडचण नव्हती. अस्सल मेली आणि नक्कल जगली, असा हा उफराटा न्याय.

या गाळ्यांविषयी पालकांच्या मनात भीती होती, आणि ती सर्वस्वी अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. शाळा बुडत होत्या, घरातील सुटे पैसे नाहीसे होत होते. काही ठिकाणी तर खेळाच्या नावाखाली जुगार चाले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका प्रकरणात व्हिडिओ गेमच्या जागांना परवान्याचे बंधन घालणे वैध ठरवले. यंत्रात फेरफार करून खेळणाऱ्याचे कौशल्य निष्प्रभ करता येते, हाही मुद्दा त्या निकालात होता. तरीही ज्या गोष्टीची आपण काळजी वाहिली, तिची नोंद मात्र ठेवली नाही, हे आमचे खरे शल्य आहे.

अशी नोंद जगात इतरत्र ठेवली गेली ती बहुतांशी हौशी माणसांमुळे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली ‘मेम’ हा उपक्रम सुरू केला. जुन्या पाट्यांतील आज्ञावली उतरवून घेऊन ती आजच्या संगणकावर चालवावयाची, हे त्याचे काम. निन्टेन्डोचा १९८१ सालचा ‘स्काय स्किपर’ हा खेळ चाचणीपलीकडे गेला नाही. त्याच्या बहुतेक यंत्रांत पुढे ‘पॉपाय’ बसवला गेला. कंपनीच्या अमेरिकेतील संग्रहात उरलेल्या एकमेव यंत्रावरून हौशी मंडळींनी त्याचे रूप पुन्हा उभे केले आणि २०१८ साली तो खेळ सर्वांसाठी खुला झाला. अटारी कंपनीने १९८२च्या नाताळासाठी घाईघाईने काढलेला ‘ई. टी.’ हा खेळ विकला गेला नाही, तेव्हा इतर न खपलेल्या मालाबरोबर तो १९८३ साली अमेरिकेतील अलामोगोर्डो येथे कचऱ्यात पुरला गेला. अनेकांना ही दंतकथाच वाटे. २०१४ साली तेथे उत्खनन झाले, सुमारे तेराशे नग वर काढण्यात आले आणि त्यांतील एक स्मिथसोनियन संस्थेत पोहोचला. जोगलटेंभीची आठवण होते ती अशा वेळी.

या शोधकार्यात जुन्या जाहिरातींचे मोल मोठे आहे. नाण्याच्या यंत्रांची पत्रके मुलांसाठी नसतच. ती गाळेमालकासाठी आणि व्यापाऱ्यासाठी असत. एका बाजूस भडक चित्र, दुसऱ्या बाजूस यंत्राची उंची, रुंदी आणि वजन. आज त्याच मापांच्या आधारे कारागीर नवी खोकी घडवतात. घरगुती यंत्रांच्या जाहिरातींचा रोख मात्र मुलांकडे आणि त्यांच्या आईवडिलांकडे असे. आपल्याकडे १९९५ साली शॉ वॉलेसमार्फत आलेल्या सेगाच्या मेगा ड्राइव्ह यंत्राची किंमत १८,००० रुपये होती. परदेशी मालावरील आयातकर ८० टक्के होता. सामान्य घराच्या वाट्याला आले ते स्वस्त नकली यंत्र आणि एकाच काडतुसात हजारो खेळ असल्याचे वचन. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत.

अशीच एक जाहिरात गेल्या वर्षी आमच्या हाती आली. आईच्या पश्चात तिची पेटी आवरताना तळाशी अंथरलेले मासिकाचे एक पान निघाले. त्यावर टीव्हीला जोडावयाच्या खेळयंत्राचे चित्र होते. याच यंत्रासाठी आम्ही एका नाताळात वडिलांपाशी हट्ट धरला होता आणि त्यांनी ‘नाही’ एवढेच म्हटले होते. तो नकार तीस वर्षे आमच्या मनात कोरडाच राहिला होता. त्या पानाच्या समासात पेन्सिलीने केलेला हिशेब होता. अक्षर वडिलांचे. पगार, घरभाडे, दोन मुलांची फी, आजीचे औषध. आणि शेवटी यंत्राची किंमत लिहून तिच्यावर मारलेली काट. एकदा नव्हे, तीनदा हिशेब मांडला होता. तिसऱ्या खेपेस त्यांनी आपला रोजचा बसभाड्याचा खर्चही वगळून पाहिला होता.

छापील जाहिरातीवर उमटलेला हा दुसरा ठसा कोणत्याही परदेशी संग्रहात सापडणार नाही. खेळाची आज्ञावली इटलीतील माणसाने जतन केली. पण मुस्तफा हे नाव कसे पडले, नाणे कोठून आले, कोणत्या घरात कोणता हट्ट कशासाठी मोडला गेला, हे आपल्यावाचून कोण लिहून ठेवील? बांधणीच्या वेळी मासिकांची जाहिरातीची पाने काढून टाकली जातात. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० पासूनची ग्रंथपरंपरा ज्या शहरास लाभली आहे, तेथील वाचकांनी तरी घरची पाने रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उलटून पाहावीत. माळ्यावरची पेटी उघडावी. समास वाचावा. मुलांना जवळ बसवून त्या गाळ्याची गोष्ट, कबुलीसह, सांगावी.

ते पान आम्ही काचेत बसवले आहे. वडिलांचा हिशेब दिसावा म्हणून चौकट समासाच्या थोडी बाहेरून घेतली आहे.