शतकाहून अधिक काळ अज्ञात राहिलेली मद्रासची पक्षिचित्रे

चेन्नईच्या दक्षिणेस, शोळिंगनल्लूरलगत, पल्लीकरणैची पाणथळ पसरली आहे. २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आज तेथील पक्ष्यांची नोंद दुर्बीण आणि कॅमेऱ्याच्या साहाय्याने होते. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मद्रासच्या पक्ष्यांची अशीच नोंद कुंचल्याने झाली होती. विज्ञानाच्या हाती मात्र ती फार उशिरा आली.

एलिझाबेथ ग्विलिम १८०१ मध्ये मद्रासला आल्या. त्यांचे पती सर हेन्री तेथील सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. एलिझाबेथ यांनी तेलुगूचा आणि वनस्पतींचा अभ्यास केला, आणि मुख्य म्हणजे पक्षी रंगवले. बहीण मेरी सायमंड्स मासे रंगवीत.

या चित्रांचे मोल कळण्यासाठी त्या काळची रीत ध्यानात घ्यावी लागते. युरोपातील पक्षितज्ज्ञ बहुधा जहाजाने आलेली, पेंढा भरलेली कातडी पाहून वर्णन लिहीत. मृत्यूनंतर पिसांचा रंग बराचसा टिकतो. परंतु चोच, पाय आणि चेहऱ्यावरची उघडी त्वचा लवकरच फिकी पडते, आणि डोळ्याचा रंग तर उरतच नाही. पक्षी कसा उभा राहतो, मान कशी वळवतो, हे कातडी सांगूच शकत नाही. ग्विलिम जिवंत पक्ष्यांचे निरीक्षण करून चित्रे काढीत. ऑड्युबॉन यांच्या विख्यात ग्रंथाचे प्रकाशन १८२७ मध्ये सुरू झाले. त्याहून ही चित्रे सुमारे वीस वर्षे जुनी आहेत.

डिसेंबर १८०७ मध्ये मद्रासमध्येच त्यांचे निधन झाले. चित्रे छापली गेली नव्हती.

त्याने काय बिघडले? कलकत्त्यात लेडी मेरी इम्पी यांनी शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांच्याकडून करवून घेतलेली चित्रे लंडनमध्ये जॉन लॅथम यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांवरून त्यांनी पक्ष्यांची वर्णने प्रसिद्ध केली. हिमालयातील मोनालच्या शास्त्रीय नावात इम्पी हे नाव आजही आहे. ग्विलिम यांचे नाव मिळाले ते मॅग्नोलिया वंशातील एका गटाला. पक्ष्यांच्या वाङ्मयात त्यांना जागाच नव्हती. टी. सी. जर्डन यांनी १८४३ ते १८४७ या काळात मद्रासमध्ये भारतीय चित्रकारांनी काढलेल्या ५० पक्षिचित्रांचा ग्रंथ प्रकाशित केला, तेव्हाही ग्विलिम यांची चित्रे अप्रकाशितच होती.

याच सुमारास तंजावरात सरफोजीराजे (दुसरे) आपल्या चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रे काढून घेत होते. त्यांतील एक संग्रह त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना दिला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. कंपनीने राज्यकारभार काढून घेतल्यावर एका मराठी राजाने ग्रंथ, शस्त्रक्रिया आणि निसर्गविज्ञान यांत मन घातले, याची आठवण आपण सरस्वती महालापुरतीच ठेवतो. प्रस्तुत लेखकाला ती अपुरी वाटते.

१९२४ मध्ये अमेरिकन नेत्रवैद्य आणि पक्षितज्ज्ञ केसी वुड यांना ग्विलिम यांची चित्रे लंडनमध्ये मिळाली. त्यांनी ती विकत घेऊन कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाकडे सोपवली. तेथे पक्ष्यांची १२१, माशांची ३१ आणि फुलांची १२ चित्रे आहेत. विद्यापीठाने ती आता संगणकीय रूपात खुली केली आहेत. त्यामुळे पल्लीकरणैच्या काठावर रोहित पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ती तिथल्या तिथे फोनवर उघडता येतात.