ढिल्या तारेचा इतिहास

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांची यादी ठरवायला बसलो होतो, तेव्हा आपल्याच समाजातला एक कॉलेजात शिकणारा मुलगा गिटार घेऊन आला. स्वतः लिहिलेली आणि स्वतःच चाल लावलेली दोन मराठी गाणी त्याला म्हणायची होती. गाण्याआधी त्याने खुंट्या पिळून तारा ढिल्या करायला सुरुवात केली. आम्हाला वाटले, वाद्य बिघडले आहे. "बाळा, आधी घरून नीट लावून आण, मग बघू," असे आम्हीच म्हणालो. तो कसनुसा हसला आणि गिटार पिशवीत घालून निघून गेला. त्याच्या जागी त्या संध्याकाळी कराओकेवर दोन हिंदी गाणी झाली.

आम्ही पेशाने उपयंत्री. मोजमाप पुस्तकात नोंद चुकली तर ती खोडरबराने पुसायची नसते. चुकीच्या आकड्यावर रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. हा लेख म्हणजे तशीच एक दुरुस्ती आहे.

तारेच्या वाद्याशी उज्जैनचे नाते फार जुने. वत्सदेशाचा राजा उदयन इथल्या प्रद्योताच्या कैदेत असताना राजकन्या वासवदत्तेला वीणा शिकवत होता, ही कथा भासाच्या नाटकांमुळे सर्वांना ठाऊक आहे. त्या वीणेचे नाव घोषवती. कथा सोडून शास्त्राकडे वळलो, तर तिथेही पहिल्याच पानांवर ढिली तार भेटते. भरताच्या नाट्यशास्त्रात बावीस श्रुती सिद्ध करण्याचा प्रयोग दिला आहे. दोन वीणा अगदी सारख्या लावायच्या. एक तशीच ठेवायची. दुसरीचा पंचम एका श्रुतीने उतरवायचा, मग बाकीचे स्वर त्याच्या बेताने उतरवायचे. असे चार वेळा करत गेले की दोन स्वरांमधले अंतर कानाला मोजता येते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवांनी या वीणांना ध्रुववीणा आणि चलवीणा म्हटले. म्हणजे आपल्या संगीतातले मोजमापच मुळी तार उतरवून घेतलेले आहे.

पुढे हीच रीत तंबोऱ्याने चालवली. पहिली तार सहसा पंचमाची. पण मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून तिथे ती मध्यमात लावतात. मारव्यात निषादात लावतात. राग बदलला की तंबोरा बदलतो आणि त्याला कोणी बिघाड म्हणत नाही. मिरजेच्या कारागिरांनी दीडशेहून अधिक वर्षे भोपळ्याचे तंबोरे घडवले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. इथून जेमतेम चाळीस किलोमीटरवरच्या देवासला १९४८ साली कुमार गंधर्व क्षयावरच्या उपचारांसाठी आले आणि कायमचे माळव्याचे झाले. तंबोरे लावण्यातला त्यांचा काटेकोरपणा जाणकारांत आजही सांगितला जातो. नीट लागलेल्या तंबोऱ्यातून, कोणतीही तार गंधारात नसताना, गंधार आपोआप ऐकू येतो. तसा तो ऐकू येईपर्यंत गाणे सुरू करायचे नाही, हा आपल्या बैठकीचा शिष्टाचार. गवई तंबोरे लावत असतो तेव्हा आपण मान डोलावतो. गिटारवाला तारा लावू लागला की घड्याळ बघतो.

गिटार बाहेरची, हे खरे. पण तिच्या तारा ढिल्या कशा झाल्या, तोही इतिहास बघण्यासारखा आहे. १८३० च्या सुमारास हवाई बेटांवर मोकाट गुरे आवरण्यासाठी मेक्सिकोकडचे गुराखी आणले गेले. त्यांच्याबरोबर गिटार आली. बेटावरच्या लोकांनी वाद्य घेतले, पण लावणी घेतली नाही. आपल्या गाण्याच्या सोयीने त्यांनी तारा उतरवल्या आणि त्या पद्धतीला 'की होआलू' म्हटले. अर्थ सरळ आहे : खुंटी ढिली करणे. शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या हवाईच्याच तरुणाने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून लोखंडी कांडी फिरवली आणि स्वरांमध्ये मींड आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टाऊ मो हे हवाईयन वादक सहकुटुंब कलकत्त्यात राहिले. त्यांच्यासारख्यांमुळे हे वाद्य भारतात रुजले. वॅन शिप्ले, हजारा सिंग यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या धुना आमच्या वडिलांच्या पिढीने रेडिओवर ऐकल्या आहेत.

मींड आल्यावर राग दूर नव्हता. ब्रिजभूषण काबरा यांनी अली अकबर खाँसाहेबांकडे तालीम घेतली आणि गिटारवर रागदारी वाजवली. खाँसाहेबांचे घराणे आपल्याच मध्य प्रदेशातल्या मैहरचे. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका संतूर आणि बासरीसाठी सगळ्यांना आठवते. तिच्यातली गिटार काबरांची आणि तबला माणिकराव पोपटकरांचा. पुढे विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ साली ग्रॅमी मिळवले. या सगळ्यांनी पहिली गोष्ट एकच केली. तारा आपल्या सुरात लावून घेतल्या.

आता त्या मुलाच्या गिटारीकडे येऊ. नेहमीच्या पद्धतीत गिटारच्या सहा तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. एक जागा सोडली तर प्रत्येक तार ही आधीच्या तारेचा मध्यम असते. मोकळ्या सहाही तारा एकदम छेडल्या तर त्यांतून कोणताच ठाम सूर उभा राहत नाही, म्हणून बोटांनी आकार धरून कॉर्ड बनवावी लागते. त्याने तीन तारा उतरवून डी, ए, डी, जी, ए, डी अशी जुळणी केली होती. हे आम्हाला नंतर कळले. डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोतल्या ऊद वादकांबरोबर वाजवण्यासाठी ही जुळणी काढली. आपल्या भाषेत लिहिली तर ती अशी होते : सा, प, सा, म, प, सा. हा तर तंबोराच झाला! त्यात गंधार नाही. तो कोमल की शुद्ध, हे गाणाऱ्याच्या गळ्यावर सोडलेले. एका-दोन बोटांनी सूर बदलायचे, बाकीच्या तारा मोकळ्या घुमत राहतात. मराठी चालीला यापेक्षा सोयीची जुळणी कोणती?

आणि जुळणी बदलली की बोटांचे सवयीचे आकार उपयोगी पडत नाहीत, नवे शोधावे लागतात. त्या शोधातून नवी चाल सुचते. कॅनडाच्या जोनी मिचेल यांचा डावा हात लहानपणीच्या पोलिओमुळे अशक्त राहिला. नेहमीचे आकार धरणे जड जाई, म्हणून त्यांनी तारांच्या कितीतरी वेगळ्या जुळण्या वापरल्या. त्यांची गाणी इतरांसारखी वाटत नाहीत, त्याचे एक कारण हेही आहे.

लुनियाखेडी हे आपल्या उज्जैन जिल्ह्यातले गाव. तिथले प्रह्लादसिंह टिपानिया हे शिक्षकी पेशातले गृहस्थ एका हाताने पाच तारांचा तंबुरा छेडत, दुसऱ्या हाताने करताल वाजवत कबीर गातात. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना ऐकायला आम्ही मैलोन्‌मैल गेलो आहोत. त्यांच्या तारा जुळेपर्यंत गप्प बसलो आहोत. तेवढी चार मिनिटे आपल्या घरच्या मुलाला आम्हाला देता आली नाहीत.

वाचकहो, माळव्यात आपल्या कितीतरी पिढ्या गेल्या. आमची मुले घरात अर्धी हिंदी बोलतात, म्हणून आम्हीच बैठकांमधून हळहळतो. आणि एक मुलगा मराठीत नवे गाणे घेऊन आला, तेव्हा त्याला परत पाठवतो. तो आता नोकरीसाठी पुण्यात आहे. आम्ही त्याला फोन केला, झाली चूक सांगितली. सुट्टी मिळाली तर येतो म्हणाला.

म्हणून यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत चौथ्या दिवशी एक नोंद आहे : स्वरचित मराठी गीते, पंधरा मिनिटे. तारा लावायला जो वेळ लागेल, तो त्यात धरलेला नाही.