शिक्का बंदराचा, ताप आपला

मुंबई बंदरालगतच्या एका लसीकरण केंद्रात मी नर्स होते. आमच्या रांगेत आजारी माणूस क्वचितच असायचा, आणि लस हवी म्हणून आलेला तर त्याहून क्वचित. लोकांना हवा असायचा शिक्का. रत्नागिरी-दापोलीकडचे खलाशी, धोबीतलावच्या कुडांत (गावकऱ्यांच्या वसतिगृहांत) उतरलेले गोव्याचे तारवटी (जहाजी), पहिल्यांदाच बोटीवर चढणारी कोवळी पोरं, नायजेरियात मशिनरी बसवायला निघालेले फिटर, आणि पुढेपुढे केनियाची सफारी बुक केलेले निवृत्त काका-काकू. बाही वर सरकवता सरकवता सगळ्यांचा प्रश्न एकच, "सिस्टर, कार्ड आजच मिळेल ना?"

प्रश्न अगदी नेमका होता. पिवळ्या तापाची लस टोचल्याचं ते पिवळं कार्ड ज्या घराण्यातलं आहे, त्या घराण्याने प्रवाशाच्या तब्येतीची चौकशी फारशी कधी केलेली नाही. त्याची सगळी काळजी बंदराची.

पिवळ्या तापाची लस येते काचेच्या कुपीत, तळाशी चिकटलेल्या पुडीसारखी. आत असतात कोंबडीच्या अंड्यात वाढवलेले, जिवंत पण दुबळे केलेले विषाणू. म्हणून आधी विचारायचं, "अंडं खाल्लं की अंगावर गांधी उठतात का?" सोबतचं पाणी घालून कुपी हलवली की पूड विरते आणि तिथून घड्याळ सुरू होतं. बर्फात ठेवली तरी काही तासांत संपवायची, उरलेली फेकायची. एका कुपीत अनेकांचे डोस असल्याने एकट्यादुकट्यासाठी ती फोडणं परवडत नसे. ठरलेल्या वारी माणसं जमवायची आणि मगच कुपी उघडायची. दंडावर, कातडीखाली, अर्धा मिलिलिटर. एवढं क्षणात व्हायचं. वेळ जायचा लिहिण्यात. नाव पासपोर्टबरहुकूम, बॅच नंबर कुपीवरून, तारखेतला महिना अक्षरात, कारण कुठे दिवस आधी लिहितात तर कुठे महिना. शेवटी केंद्राचा गोल शिक्का, तोही ठसठशीत. सुई जरा तिरकी गेली तर दंड दुखेल. शिक्का पुसट उठला तर दूरच्या विमानतळावर माणूस अडकेल.

ही कागदांची तऱ्हा सुरू झाली एकोणिसाव्या शतकात. पटकी, म्हणजे कॉलरा, आगबोटींच्या वेगाने युरोपात पोचायला लागला, तेव्हा 1851 मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. 1865 मध्ये मक्केच्या यात्रेत पटकीने थैमान घातलं, 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि युरोपची नजर मुंबईवर खिळली. हजला जाणाऱ्या बोटी इथून सुटत. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर ऑटोमन सरकारने 1882 पासून क्वारंटाइनचं ठाणं चालवलं. हाजींना तिथे उतरवायचं, कपडे-बिछाने वाफेच्या यंत्रात घालायचे, दिवसच्या दिवस छपराखाली ठेवायचं, आणि या सगळ्याची फीही त्यांच्याकडूनच घ्यायची. हे बेट मक्केसाठी होतं, सुएझसाठी होतं, मार्सेयसाठी होतं. हाजीची तब्येत त्यात आली तर आली.

मग सप्टेंबर 1896. मांडवीत डॉक्टर अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हे गोव्याचे, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे आणि तो कुणाचा हे तिथून रोज जाणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं. 1897 च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. त्याच सुमारास व्हेनिसला खास प्लेगसाठी परिषद बसली आणि मुंबईहून हजला जाणं त्या वर्षापुरतं बंद झालं. वापरलेले कपडे, अंथरुणं, चिंध्या असल्या मालावर बंदी घालण्याची मुभा परिषदेने देशांना दिली. बाधित बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक माणसाची बोटीवर चढण्यापूर्वी डॉक्टरने तपासणी करायची, असंही ठरलं. प्लेग-अधिकारी रँड आणि पुण्यातल्या घरझडत्या आपण शाळेत शिकतो. पण सरकार एवढं हातघाईवर का आलं होतं, याचं एक कारण व्हेनिसमध्ये होतं. प्लेग आटोक्यात आहे असं दिसलं नसतं, तर मुंबईचा व्यापार बसला असता.

त्याच धामधुमीत वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. परळला त्यांच्या नावाची संस्था आजही उभी आहे. पटकीची लसही त्यांनी त्याआधी केलेली. इथून पुढे बंदरांच्या हाती नवं हत्यार आलं. माणूस अडवून ठेवण्याऐवजी त्याला टोचायचं आणि टोचल्याचा दाखला मागायचा.

गंमत अशी, की जिच्यापासून जग स्वतःला वाचवत होतं त्या मुंबईलाच पुढे जगापासून स्वतःला वाचवायची वेळ आली. पिवळा ताप हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचा आजार. तो डासांमुळे पसरतो, हे क्यूबाच्या कार्लोस फिन्ले यांनी 1881 मध्ये सांगितलं आणि वॉल्टर रीड यांच्या तुकडीने 1900 मध्ये सिद्ध केलं. ज्या एडिस डासाने तो पसरतो तो आपल्याकडे घरोघरच्या पिंपांत, कूलरच्या पाण्यात वाढतो. डेंग्यू देतो तोच हा. डास आहे, माकडं आहेत, माणसं तर आहेतच. नाही तो फक्त विषाणू. 1914 मध्ये पनामा कालवा सुरू होणार म्हटल्यावर इथल्या सरकारी डॉक्टरांची झोप उडाली. एस. पी. जेम्स यांनी 1913 मध्ये हिंदुस्थानला पिवळ्या तापापासून कसं वाचवावं यावर सविस्तर निबंधच लिहिला. बोटीचा प्रवास लांबचा, रोगी वाटेतच बरा व्हायचा किंवा मरायचा. विमानाने ती सोय संपवली. आफ्रिकेत डास चावलेला माणूस ताप चढण्याआधीच इथे उतरू शकत होता. 1933 मध्ये हेगला हवाई प्रवासासाठी वेगळा आरोग्य करार झाला, त्यामागे ही धास्ती मोठी होती.

1937 मध्ये न्यूयॉर्कला मॅक्स थायलर यांनी या तापाची 17 डी लस जगापुढे आणली. 1951 मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम मंजूर केले. त्यात सहा रोग होते: प्लेग, पटकी, पिवळा ताप, देवी, टायफस आणि उलटून येणारा ताप. आपल्या देशाने विमानांसाठी 1954 चे आणि बंदरांसाठी 1955 चे नियम केले. पिवळ्या तापाच्या मुलखातून विनाकार्ड आलेल्या माणसाला सहा दिवस वेगळं ठेवायचं, कारण चावल्यापासून ताप यायला फार तर तेवढे दिवस लागतात. ही शिस्त इतकी कडक, की मंत्र्याचीही ओळख चालत नाही. आजवर भारतात पिवळ्या तापाचा शिरकाव झालेला नाही. 2016 मध्ये अंगोलाहून परतलेल्या कामगारांबरोबर तो चीनपर्यंत पोचला होता, हे लक्षात घेतलं तर या कडकपणाची चेष्टा करवत नाही.

जुने खलाशी आपली लशींची फाटकी पुस्तिका सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या पुस्तिकेच्या, कव्हरात घालून आणत. त्यात देवीचं पान, पटकीचं पान, पिवळ्या तापाचं पान. देवीचा शिक्का तीन वर्षं चालायचा, पटकीचा जेमतेम सहा महिने. एका दाभोळच्या बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, पटकीच्या शिक्क्यांनी भरलेली पानं उलगडून दाखवत म्हटलं होतं, "बाई, हे माझं पासबुक." पटकीची ती लस माणसाला थोडंफार वाचवायची, रोगाचा प्रसार मात्र थांबवत नव्हती. म्हणून 1973 मध्ये तिचा दाखला नियमांतून गेला. देवी तर 1980 मध्ये जगातूनच गेल्याचं जाहीर झालं आणि ते पानही कोरं पडलं. उरलं पिवळ्या तापाचं. त्याची मुदत दहा वर्षं असे. 11 जुलै 2016 पासून ती आयुष्यभराची झाली. टोचल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, हा नियम मात्र तसाच आहे. परवाचं विमान आणि आज रांगेत उभं राहणाऱ्यांची रडारड त्यामुळेच.

संशयित आणि पहारेकरी या दोन्ही भूमिका आपल्याला पुन्हा पुन्हा वठवाव्या लागल्या. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आणि मग सुरतेला प्लेग निघाला, तेव्हा आखाती देशांनी आपली विमानं बंद केली. 2021 मध्ये पुण्यात बनलेल्या कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेला माणूस ब्रिटनला ऑक्टोबरपर्यंत लस न घेतलेल्यासारखाच वाटत होता. ब्रिटनमध्ये टोचत होते ती लस हीच होती, भांडण प्रमाणपत्राचं होतं. त्यावर पूर्ण जन्मतारीख छापायची सोय मग आपल्याकडे करण्यात आली. महिना अक्षरात लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या मला त्याचं नवल वाटलं नाही.

या साऱ्यात प्रवाशाचं काय? नायजेरियाहून परतलेला इचलकरंजीचा एक फिटर तापाने फणफणलेला थेट आमच्या खिडकीशी आला होता. कार्ड काचेवर आपटून म्हणाला, "तुमची लस घेतली, तरी ताप कसा आला?" त्याला रक्त तपासायला पाठवलं. निघाला मलेरिया, तोही मेंदूपर्यंत जाणारा फॅल्सिपेरम. मलेरियाबद्दल त्याला तिथल्या कंपनीने विचारलं नव्हतं, विमानतळांवर कुणी विचारलं नव्हतं, आणि इथे आम्हीही कार्डापलीकडे काही विचारलं नव्हतं. ज्या 1897 मध्ये व्हेनिसला प्लेगवर खल झाला, त्याच वर्षीच्या ऑगस्टात रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. आफ्रिकेला जाणाऱ्याला खरोखर गाठणारा आजार हा. पण त्याच्यासाठी कार्डावर कधीच रकाना आला नाही. मलेरियाच्या गोळ्या निघण्याआधी सुरू करायच्या असतात आणि परत आल्यावरही काही काळ घ्यायच्या असतात. त्यांचा शिक्का मारता येत नाही, आणि मलेरिया असलेला माणूस आल्याने बंदराचा व्यापारही अडत नाही.

तेव्हापासून शिक्का मारून झाला की मी कार्ड लगेच हातात देत नसे. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारलंत का? बीपीच्या, साखरेच्या गोळ्या किती दिवसांच्या घेतल्यात, आणि त्यांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत आहे ना? ओआरएसची पाकिटं? परतल्यावर ताप आला तर डॉक्टरला पहिल्यांदा काय सांगायचं? काही जण वैतागत, मागची रांग कुरकुरे. काका-काकू मात्र वही काढून लिहून घेत.

सीमेवरचा अधिकारी आपल्याला जे विचारतो ते त्याच्या देशाच्या काळजीपोटी, आणि ते त्याने विचारायलाच हवं. आपलं विमानतळही परक्याला तेच विचारतं. पण कार्ड तपासून आपल्याला आत सोडलं, म्हणजे आपण सुखरूप राहू असा त्याचा अर्थ होत नाही. ती हमी द्यायला हे घराणं कधी जन्मालाच आलं नव्हतं. शिक्का मिळाल्यावर तिकिटाकडे वळण्याआधी आपल्या डॉक्टरकडे वळायचं, हे काम प्रवाशाचं स्वतःचं आहे.