सोपाऱ्याचा प्रतिश्रय आणि विमानतळावरचा लाउंज

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने क्रेडिट कार्डावर व्याख्यान द्यावं, हे आजचा फलक वाचून काहींना चमत्कारिक वाटलं असेल. पण आम्ही कार्डावर बोलणार नाही, वाट पाहण्यावर बोलणार आहोत. प्रवासात माणूस वाट पाहत बसतो तेव्हा त्याला सावली, पाणी, बसायला जागा कोण देतं आणि कोणत्या नात्याने देतं, असा हा विषय आहे. कार्ड ही त्यातली अगदी अलीकडची गोष्ट.

वसई-विरारकराला विमान पकडायचं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. गाडी महामार्गावर आली की वर्सोवा पूल, घोडबंदरचं वळण, पुढे दहिसरचा टोलनाका. तिथे पाऊण तास जाईल की दोन तास, हे कोणी सांगू शकत नाही. लोकलने अंधेरीपर्यंत जावं तर सामानाची बोचकी घेऊन विरार गाडीत शिरायचं कसं? म्हणून आपण सकाळी नऊच्या विमानासाठी पहाटे तीनला निघतो, आणि रस्ता मोकळा मिळाला की साडेचारलाच सहारला जाऊन उभे राहतो. मग उरलेल्या चार तासांचं करायचं काय? पूर्वी शिदोरी सोडायचो. आता घरातला मुलगा किंवा सून म्हणते, "बाबा, माझ्या कार्डावर लाउंज आहे." आपण बोर्डिंग पास आणि कार्ड पुढे करतो, यंत्रात दोन रुपये कापले जातात, आणि आत इडली, उपमा, कॉफी, मऊ खुर्ची. बाहेर त्याच कॉफीचे अडीचशे-तीनशे मोजावे लागले असते. आनंद होतो, खोटं कशाला बोला! आम्हालाही होतो.

पण हा नाश्ता आपल्याला कोणी दिला? विमान कंपनीने नाही. विमानतळाने नाही. बँकेने म्हणावं तर बँक धर्मादाय संस्था नव्हे. याचं उत्तर शोधायला आम्ही तुम्हाला आधी सोपाऱ्याला नेणार आहोत. आपल्या नालासोपाऱ्यालाच.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला, आणि त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्यांना इथे मिळाला. हा आठवा लेख आहे प्रवासाविषयी. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि मौजेला, जात. मी धर्मयात्रेला निघालो, वृद्धांना भेटलो, खेड्यातल्या माणसांना भेटलो, असा त्याचा आशय. बंदरावर उतरलेल्या परदेशी व्यापाऱ्याच्या नजरेला पडावा असा हा मजकूर. आपल्या दुसऱ्या एका लेखात, स्तंभावरच्या सातव्या लेखात, अशोक रस्त्यावरच्या विहिरी, वडाची झाडं आणि विश्रांतिस्थानं यांचा हिशेब देतो. आणि लगेच म्हणतो की ही सोय तशी किरकोळच आहे, आधीच्या राजांनीही ती केली होती. राजाने स्वतःच्या कामाला किरकोळ म्हणावं, हे आम्हाला फार आवडतं.

त्यानंतर साधारण साडेतीनशे वर्षांनी, इ.स. १२०च्या सुमारास, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात, आपण पांडवलेणी म्हणतो त्यातल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, आपल्या दानांची यादी कोरून ठेवली. त्या यादीत भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग अशी चार नावं येतात. शोर्पारग म्हणजे आपलं सोपारं. या चार ठिकाणी त्याने चौसोपी निवारे बांधले. लेखातला शब्द आहे प्रतिश्रय. शिवाय इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. दाहनुका म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं डहाणू. आणि नावेची वाट पाहणाऱ्यांसाठी दोन्ही काठांवर बसायच्या सभा आणि पाणपोया केल्या. बघा, फेरी फुकट देणं एक वेळ सोपं. पण नाव पलीकडच्या काठावर असताना अलीकडचा माणूस उन्हात उभा राहील, हे ज्याच्या लक्षात आलं त्याने प्रवास स्वतः केलेला असणार.

याचा पैसा कसा चाले? निवाऱ्यांचा हिशेब लेखात नाही. पण त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात उषवदाताच्या एका वेगळ्या दानाची रचना चोख दिली आहे. तीन हजार कार्षापण त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधी काढायची नाही, व्याजच वापरायचं. याला अक्षयनिवी म्हणत. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. वीस बारे दोनशे चाळीस, हिशेब जुळला! हा दर लक्षात ठेवा, महिन्याला एक टक्का. आज क्रेडिट कार्डाचं बिल थकलं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतात.

आता कोणी म्हणेल, प्राध्यापक जुन्या काळाचे गोडवे गातायत. तसं नाही. दानाच्या दारावरही पहारा असतो. पुढच्या शतकांत आपल्याकडच्या धर्मशाळा आणि पाणवठे अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना बंद होते. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव आणला, त्यात सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असं म्हटलं होतं. धर्मशाळा हा शब्द त्या ठरावात घालावा लागला. आणि ठराव होऊनही महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावं लागलं. देणारा उदार असला तरी घेणाऱ्याचा हक्क त्यातून आपोआप तयार होत नाही.

हक्काची भाषा आपल्याकडे आली ती बरीचशी तिकिटाबरोबर. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत बीबीसीआयची लोकल सुरू झाली. जायला एक गाडी, यायला एक. नालासोपाऱ्याचं स्टेशन तेव्हा नीला, वसईचं बसीन, अंधेरीचं अंदारू अशी लिहिलेली नावं मिळतात. तिकीट काढलं की फलाटावर उभं राहायचा हक्क मिळाला, जात कुठलीही असो. ही लहान गोष्ट नव्हती. पण रेल्वेने जातीऐवजी वर्ग आणले. वेटिंग रूमच्या दारावर पाटी आली: पहिला वर्ग, दुसरा वर्ग. तिसऱ्या वर्गाला शेड, तीही असली तर.

आणि तिकीट असूनही काय होतं, ते ७ जून १८९३ रोजी पीटरमॅरित्झबर्गला दिसलं. गांधींजवळ पहिल्या वर्गाचं तिकीट होतं. त्यांना उतरवलं गेलं आणि रात्र त्यांनी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये कुडकुडत काढली. कोट सामानात होता आणि सामान मागायचा धीर झाला नाही. जगातल्या वेटिंग रूममध्ये इतका मोठा परिणाम झालेली दुसरी रात्र आम्हाला तरी माहीत नाही. पण आजच्या विषयासाठी गांधींचं १९१७चं तिसऱ्या वर्गावरचं लिखाण जास्त कामाचं. मुंबईहून मद्रासला तेरा रुपये नऊ आणे देऊन ते गेले, आणि त्यांनी हिशेब मांडला. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त. मग तिसऱ्याला पहिल्याच्या निदान एक पंचमांश तरी सोय मिळते का? आणि पुढे म्हणाले की वरच्या वर्गांची वाढती चैन तिसऱ्या वर्गाच्या पैशावर चालते. तिसरा वर्ग १९७४ला नावापुरता संपला. गांधींचा प्रश्न मात्र आपण लाउंजच्या दारात पुन्हा विचारू शकतो.

विमानतळावरचा लाउंज सुरू झाला तो निमंत्रणाने. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला ॲडमिरल्स क्लब काढला. कंपनी ज्याला बोलावील तो आत. वर्गणी भरून प्रवेश नंतर आला. १९५०मध्ये डायनर्स क्लबचं कार्ड निघालं, ते १९६१ला काली मोदींनी मुंबईत आणलं. बँकेचं कार्ड आपल्याकडे १९८०ला, सेंट्रल बँकेचं. १९९२ला प्रायॉरिटी पास आला आणि कुठल्याही कंपनीच्या विमानाने जाणारा माणूस लाउंजमध्ये बसू लागला. मुंबईचं नवं टी-टू २०१४ला उघडलं. रुपे कार्ड आलं, आणि बँकेच्या साध्या खातेदाराच्या डेबिट कार्डावरही लाउंज मिळू लागला. वसईतला निवृत्त शिक्षक आणि परदेशी निघालेला उद्योगपती एकाच रांगेत उपम्यासाठी उभे. आम्हाला हे चित्र मनापासून लोकशाहीचं वाटलं होतं.

पण पैसा कुठून येतो ते पाहा. तुम्ही आत गेलात की लाउंजवाला दर माणशी रक्कम मध्यस्थाकडे मागतो, मध्यस्थ कार्डाच्या जाळ्याकडे किंवा बँकेकडे. बँक ती भरून काढते वार्षिक फीमधून, थकलेल्यांच्या व्याजातून, आणि दुकानदाराकडून. क्रेडिट कार्ड घासलं की दुकानदाराला शंभरामागे साधारण दीड-दोन रुपये सोडावे लागतात. तो ते मालाच्या किमतीत मिळवतो. म्हणजे त्याच दुकानात रोख पैसे देऊन साबण नेणारी, सकाळच्या गाडीने दादरला भाजी नेणारी आपली वसईची बाईही तुमच्या उपम्यात काही पैसे घालते. तिने विमानतळ आतून पाहिलेला नसेल. गांधी १९१७ला हेच म्हणत होते.

शिवाय ही सोय दान नाही आणि हक्कही नाही. तिला सवलत म्हणतात, आणि सवलत देणारा ती कधीही आवरतो. गर्दी वाढली तशी ती आवरली गेली. एचडीएफसी बँकेने १ डिसेंबर २०२३पासून रेगालिया कार्डावर तिमाहीत एक लाखाच्या खर्चाची अट घातली. आयसीआयसीआयने एप्रिल २०२४पासून अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीतल्या पस्तीस हजारांची. पेन्शनवर जगणारा माणूस तीन महिन्यांत एक लाख कार्डावर कशाला उधळेल? रांगेतून तो पहिला बाहेर पडला. पुढे, कार्डावरच्या लाउंज-प्रवेशाचा बहुतांश व्यवहार ज्या एका मध्यस्थ कंपनीतून होत होता, त्या ड्रीमफोक्सची देशांतर्गत लाउंजची सेवा १६ सप्टेंबर २०२५ला बंद झाली. बँकांनी दुसरी व्यवस्था लावली खरी, पण कालपर्यंत चालणारं कार्ड आज का चालत नाही, याला काउंटरवरच्या मुलीकडे काय उत्तर असणार? तिच्यावर ओरडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ते ओरडणं चुकीच्या माणसावर होतं.

एक आक्षेप रास्त आहे. खाजगी बँक, खाजगी लाउंज, तुम्हाला तक्रारीचं कारण काय? लाउंज बंद करा असं आम्ही म्हणतच नाही. आमची काळजी बाहेरच्या दालनाची आहे. ज्यांचा आवाज ऐकला जातो, जे पत्र लिहितात, ज्यांची ओळख असते, ते सगळे काचेच्या आत जाऊन बसले. बाहेरच्या चहाचा भाव, बाहेरच्या खुर्च्या, म्हाताऱ्याला पाठ टेकायची जागा, यावर भांडायला उरलं कोण? तरीही भांडण झालं तेव्हा उपयोग झाला. संसदेत विमानतळावरच्या महागाईचा विषय निघाला, आणि डिसेंबर २०२४मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर उडान यात्री कॅफे उघडलं: दहा रुपयांत चहा, दहा रुपयांत पाणी, वीस रुपयांत सामोसा. कार्ड लागत नाही. उषवदाताच्या पाणपोईला सगळ्यात जवळचं असं आम्हाला आज हेच दिसतं, फरक इतकाच की इथे दहा रुपये देऊन माणूस ताठ मानेने पितो.

जाता जाता व्यवहाराचं सांगतो, कारण मघाशी दोघांनी तेच विचारलं. निघण्याआधी कार्डाची या तिमाहीतली अट बँकेच्या ॲपवर पाहून घ्या. काउंटरवर कार्ड घासण्याआधी किती कापणार ते विचारा. सोबतच्या माणसाला सवलत नसेल तर पूर्ण भाडं लागतं. आणि पिशवीत दोन दशम्या असू द्या. आता प्रश्न घेऊ या. मागे कोणी हात वर केलाय, बोला काकू.