खोकल्याच्या औषधाची बाटली

१९६०-६१ची गोष्ट. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या तुमकूर जिल्ह्यात क्षयरोगाची पाहणी चालू होती. एक्स-रेची गाडी गावात यायची, माणसं रांगेत उभी राहायची, छातीचा फोटो निघायचा आणि गाडी पुढच्या गावाला जायची. फोटोत डाग दिसला की त्या माणसाची थुंकी तपासायची. पाहणी करणारी संस्था होती बंगळूरची राष्ट्रीय क्षयरोग संस्था, १९५९मध्ये स्थापन झालेली.

या संस्थेत दोन समाजशास्त्रीय संशोधक होते. देबाबर बॅनर्जी डॉक्टर होते, शिवाय मानववंशशास्त्र शिकलेले. दुसरे डेन्मार्कचे स्टिग अँडरसन. ज्यांच्या छातीत रोग सापडला होता, त्यांच्या घरी जाऊन एक साधी गोष्ट विचारायची असं त्यांनी ठरवलं. तुम्हाला काही त्रास होतो का? होत असेल, तर त्यावर तुम्ही काय केलंत?

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का होता, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

राँटगेनने १८९५मध्ये क्ष-किरण शोधले. पण छातीच्या एक्स-रेची मोठी फिल्म महाग पडायची, गावंच्या गावं तपासणं परवडण्यासारखं नव्हतं. १९३६मध्ये रिओ दि जानेरोतल्या मानुएल द आब्रेऊ या डॉक्टरने युक्ती काढली. क्ष-किरणांमुळे चमकणाऱ्या पडद्यावर छातीची जी आकृती उमटते, तिचाच साध्या कॅमेऱ्याने छोटा फोटो घ्यायचा. खर्च एकदम खाली आला. १९५७मध्ये ग्लासगो शहराने पाच आठवड्यांत सात लाखांहून जास्त लोकांचे एक्स-रे काढले. दुखणं बोलायच्या आधीच पकडायचं, हे त्या काळाचं स्वप्न होतं.

भारतातही १९५५ ते १९५८ या काळात सहा भागांत मोठी पाहणी झाली. सुमारे तीन लाख लोकांचे फोटो निघाले. तोवर क्षय म्हणजे शहराचा, गिरण्यांचा, कोंदट चाळींचा रोग असा समज होता. फोटोंनी तो मोडला. खेड्यांतही रोग जवळजवळ तितकाच होता. आता प्रश्न असा, की लाखो खेड्यांत विखुरलेले हे रोगी शोधायचे कसे? गाड्या हव्यात, जनरेटर हवेत, फिल्म धुणारी आणि वाचणारी माणसं हवीत, आणि पावसाळ्यात गाडी जाईल असा रस्ताही हवा.

शिवाय फोटो बोलतो त्यापेक्षा जास्त आपण त्यात वाचतो. जुन्या, बऱ्या झालेल्या जखमेचाही डाग दिसतो. एकच फिल्म दोन डॉक्टर वेगळी वाचतात. तोच डॉक्टर महिन्याभराने वाचतो तेव्हाही कधी कधी वेगळं सांगतो.

आता तुमकूरला परत येऊ. ज्यांच्या थुंकीत जंतू सापडले होते, त्यांतल्या जवळपास सगळ्यांना आपल्याला काहीतरी होतंय हे ठाऊक होतं. बहुतेकांना त्याची काळजी वाटत होती. आणि निम्म्याहून अधिक जण त्यासाठी इलाज शोधायला घराबाहेर पडलेले होते. यातले बरेच जण सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांना काय मिळालं? खोकल्याच्या औषधाची बाटली.

म्हणजे ज्यांना शोधायला गाडी धुरळा उडवत गावात आली होती, ते रोगी आधीच दवाखान्याच्या दारात उभे राहून गेले होते. ‘खेड्यातली माणसं अडाणी, आजार अंगावर काढतात’ हा शहरी समज इथे उताणा पडला. चूक दाराच्या आतल्या बाजूला झाली होती. तिथे कोणी विचारलंच नव्हतं की बाबा, खोकला किती दिवसांपासून आहे?

१९६२मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच उत्तरावर उभा राहिला. एक्स-रे यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी असेल, पण खालच्या दवाखान्यात खोकला घेऊन येणाऱ्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. औषध घरी राहूनच घ्यायचं, कारण मद्रासच्या अभ्यासाने १९५९मध्ये दाखवून दिलं होतं की दाटीवाटीच्या घरात औषध घेणारा रोगी सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. १९७४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही सरसकट सगळ्यांचे एक्स-रे काढत फिरणं बंद करा असं सांगितलं.

कागदावर सगळं ठीक होतं. प्रत्यक्षात पैसे अपुरे पडले, औषधं संपत राहिली. १९९२मध्ये कार्यक्रमाचा आढावा घेतला तेव्हा दिसलं की थुंकी तपासायचं मागं पडलंय आणि निदानासाठी भर एक्स-रेवरच आहे. थुंकीची डबी हाताळण्यापेक्षा फोटो बघणं सोपं आणि जास्त ‘आधुनिक’ वाटतं.

मग एक्स-रे खलनायक ठरला का? नाही. २०१९ ते २०२१मध्ये देशभर पुन्हा पाहणी झाली. तीत सापडलेल्या रोग्यांपैकी ४२.६ टक्के लोक फक्त छातीच्या फोटोमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते हातून सुटले असते. बॅनर्जी-अँडरसनच्या प्रश्नाची ही मर्यादा आहे, आणि ती मान्य करायला हवी. म्हणूनच आज हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रं गावोगाव जातायत आणि फोटो संगणक वाचतो. आब्रेऊचं स्वप्न आता पाठपिशवीत मावतं.

पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कुठेच इलाजाला गेले नव्हते. तुमकूरचे निम्म्याहून अधिक रोगी तरी दवाखान्यापर्यंत गेले होते. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. तरी इतकं विचारावंसं वाटतं, की वर्षानुवर्षं दारातून बाटली घेऊन परतलेल्या माणसांच्या मुलानातवंडांनी त्या दारात पुन्हा का जावं?

फोटोत डाग दिसल्यावर थुंकी तपासायची असते, औषध सुरू करायचं असतं, आणि किमान सहा महिने ते चालू राहील हे बघायचं असतं. हे काम यंत्र करत नाही. तुमच्या घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. ती मागून घ्या. बाटलीवर परत येऊ नका.