स्तनाचा कर्करोग: स्वभाव आणि मनाला बसणारा धक्का

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रिया डॉक्टरांना दोन प्रश्न नेहमी विचारतात. पहिला निदानानंतर लगेच: ‘मी सगळं मनात ठेवत आले, म्हणून हे झालं का?’ दुसरा उपचार संपल्यावर: ‘रिपोर्ट चांगले आहेत, तरी मला रात्री झोप का लागत नाही?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर असे, की हा मनाला बसलेल्या धक्क्याचा परिणाम असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

स्वभावामुळे कर्करोग होतो का?

ही समजूत अगदीच निराधार पसरलेली नाही. १९७५ मध्ये लंडनमधील डॉक्टरांनी स्तनातील गाठीसाठी दाखल झालेल्या १६० स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांची गाठ कर्करोगाची निघाली, त्यांच्यात राग दाबून ठेवण्याची सवय जास्त आढळली. पुढे १९८० च्या दशकात ‘टाइप सी’ स्वभावाची कल्पना चर्चेत आली. सोशिक, पडते घेणारी, स्वतःच्या भावना न दाखवणारी व्यक्ती कर्करोगाला लवकर बळी पडते, असे त्यात मानले जाई.

मोठ्या अभ्यासांत मात्र ही कल्पना टिकली नाही. स्वीडन आणि फिनलंडमधील सुमारे ६० हजार लोकांचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहिर्मुख असणे किंवा चिंताळू असणे यांचा कर्करोग होण्याशी संबंध आढळला नाही.

वाढते वय, बीआरसीए सारख्या जनुकांतील आनुवंशिक दोष, दीर्घकाळ चाललेला इस्ट्रोजेनचा प्रभाव, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा आणि मद्यपान यांमुळे धोका वाढतो. अनेक स्त्रियांत तर वय सोडून ठळक असे कोणतेच कारण सापडत नाही. तुमच्या सोशिकपणामुळे हा आजार झालेला नाही.

‘खंबीर राहा’ हा सल्ला कितपत खरा?

नातेवाईक सांगतात, ‘तू रडलीस तर आजार वाढेल.’ १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनाचा कर्करोग असलेल्या ५७८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर पाहिले असता, लढाऊ वृत्ती असलेल्या स्त्रिया जास्त जगल्या असे दिसले नाही. तीव्र हताशपणा किंवा नैराश्य असलेल्या स्त्रियांत मात्र परिणाम काहीसे वाईट होते. याचा अर्थ सतत हसतमुख राहिलेच पाहिजे असा नाही. नैराश्य असेल तर ते ओळखून त्यावर उपचार करावेत, इतकाच आहे. रडल्याने गाठ वाढत नाही.

स्वभावाचा परिणाम नेमका कुठे दिसतो?

आजार होण्यावर नाही, तर आजाराला आपण कसे सामोरे जातो यावर स्वभावाचा परिणाम होतो.

• चिंताळू व्यक्ती दिवसातून अनेकदा स्तन चाचपून पाहते. पाठ दुखली तरी तिला आजार उलटल्याची भीती वाटते.
• सगळे मनात ठेवणारी स्त्री वेदना, मळमळ किंवा उदासपणा डॉक्टरांनाही सांगत नाही. त्यामुळे उपचार अपुरे राहतात.
• सगळे आपल्या हातात हवे असणाऱ्या व्यक्तीला केमोथेरपीच्या काळातील परावलंबन जास्त जाचते.

यांपैकी कोणताही स्वभाव दोष नाही. तुमचा स्वभाव डॉक्टरांना माहीत असेल, तर कोणत्या ठिकाणी आधार लागेल ते आधीच ठरवता येते.

मनावरच्या आघाताची लक्षणे

निदानानंतर काही आठवडे रडू येणे, सुन्न वाटणे, भूक मंदावणे हे स्वाभाविक आहे. पुढील लक्षणे महिन्याहून जास्त टिकली आणि रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, तर डॉक्टरांना सांगा.

• निदान कळले तो क्षण किंवा शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, वाईट स्वप्ने पडणे
• रुग्णालयाचा वास किंवा सलाइनची बाटली पाहून छातीत धडधडणे, घाम येणे
• भीतीपोटी पुढच्या तपासण्या किंवा मॅमोग्राफी टाळणे
• आरशात स्वतःकडे पाहणे, पतीचा स्पर्श नकोसा होणे
• सतत दचकणे, चिडचिड, झोप न लागणे

या लक्षणांमागे आघातोत्तर ताण विकार म्हणजे पीटीएसडी, समायोजनाचा विकार किंवा नैराश्य असू शकते. नेमके निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात. तपासण्या टाळण्याचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे, कारण त्याने कर्करोगाच्या उपचारांनाच धोका पोहोचतो.

आधार मिळाल्याने फरक पडतो

मलेशियात कर्करोगाच्या ४६९ रुग्णांचा अभ्यास झाला. निदानानंतर सहा महिन्यांनी साधारण पाचांपैकी एकाला पीटीएसडी होता. चार वर्षांनी हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आले. सहा महिन्यांच्या टप्प्यावर इतर कर्करोगांच्या तुलनेत स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत तो कमी आढळला. त्या रुग्णालयात पहिल्या वर्षी मुख्यतः याच रुग्णांना समुपदेशन मिळत होते, हे त्यामागचे कारण असावे, असे संशोधकांचे मत आहे.

उपचार कोणते?

विचार आणि वर्तनावर काम करणारी सीबीटी ही उपचारपद्धती आणि समुपदेशन उपयोगी पडते. समदुःखी रुग्णांच्या गटात बोलल्याने आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही, पण मनाचा त्रास हलका होऊ शकतो.

गरज पडल्यास औषधेही दिली जातात. तुम्ही टॅमॉक्सिफेन घेत असाल, तर हे मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगा. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरील औषधांमुळे शरीरात टॅमॉक्सिफेनचे सक्रिय रूप कमी तयार होते. अशा वेळी दुसरे औषध निवडता येते. कोणतेही औषध स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.

घरच्यांसाठी

‘काही होत नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘तुला कशाची भीती वाटते?’ असे विचारा आणि उत्तर शांतपणे ऐका. तपासणीच्या दिवशी सोबत जा. ‘तू टेन्शन घेतलंस म्हणून झालं’ हे वाक्य चुकूनही बोलू नका.

जगणे नकोसे वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे चोवीस तास बोलता येते. पुढच्या भेटीत गाठ, रक्त आणि औषधांबद्दल बोलताना झोप आणि मनाबद्दलही बोला. तोही तुमच्या उपचारांचाच भाग आहे.