डागी मालाची वाट

कृष्णा आणि वारणा जिथे एकत्र येतात, तिथे सांगलीला लागून हरिपूर आहे. तिथल्या नदीकाठच्या घट्ट मातीत पाणी सहसा मुरत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हरिपूरच्या जमिनीत हळदीची पेवं होती. पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट खोल, ऐसपैस. आत हळद भरायची आणि तोंड बंद करून वरून माती लिंपायची. कोंडलेल्या हवेतला प्राणवायू संपला की आतले किडे गुदमरून मरायचे आणि बुरशीलाही वाढता यायचं नाही. अशी हळद काही वर्षं टिकत असे. पेव उघडल्यावर मात्र लगेच कोणी आत पाय घालत नसे. आधी हवा खेळू द्यायची, मग कंदील खाली सोडायचा आणि तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. जी हवा किडीला मारते ती माणसालाही सोडत नाही, हे पेवावरच्या माणसांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

2005 च्या महापुरात ही पेवं पाण्याखाली गेली. पुष्कळशी कायमची निकामी झाली आणि हळद गोदामांत, शीतगृहांत गेली.

दख्खनच्या पठारावर ज्वारीचीही पेवं होती. जिथे ओल शिरे तिथे भिंतीलगतची ज्वारी काळपट पडे, तिचे गठ्ठे होत, तिला वास लागे. मधली ज्वारी चांगली राही. या कडेच्या ज्वारीचं करायचं काय? धान्य फेकून देण्याची ऐपत फार थोड्यांची होती. ती धुवायची, उन्हात घालायची, चांगल्या ज्वारीत थोडी थोडी मिसळून दळायची, नाहीतर गुरांपुढे टाकायची. धान्याच्या व्यापारात बुरशीचा इतिहास शोधायला गेलं की वारंवार याच प्रश्नापाशी यावं लागतं. डागी माल नष्ट होत नाही, त्याचा फक्त भाव उतरतो. जिथे तो भाव परवडतो, तिथे तो पोहोचतो.

या वाटेकडे जगाचं नीट लक्ष गेलं ते 1960 साली, आणि तेही पक्ष्यांमुळे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्लं पटापट मरू लागली. मेलेल्यांचा आकडा लाखावर गेला. रोगजंतू सापडेना, म्हणून आजाराला ‘टर्की एक्स’ असं नाव दिलं गेलं. शोध घेत तज्ज्ञ शेवटी खाद्यापाशी पोहोचले. खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि पेंडीत ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढून गेली होती. तिने तयार केलेल्या विषाला त्याच नावातून अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. अतिनील प्रकाशाखाली या विषाचे काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे. त्यावरूनच बी आणि जी अशी त्यांची विभागणी झाली. बी-1 हा त्यांतला सगळ्यात घातक. पुढे भारतासह इतर देशांच्या भुईमुगातही हे विष सापडलं. टर्कीमागे मोठा धंदा होता, म्हणून चौकशी झपाट्याने झाली. नाहीतर पेंडीला ‘जरा वास येतोय’ एवढ्यावर बोलणं थांबलं असतं.

त्याच काळात भारतात भुईमुगाकडे मोठ्या आशेने पाहिलं जात होतं. प्रथिनांअभावी मुलं सुजत होती आणि तेल काढून उरलेली पेंड प्रथिनांनी भरलेली होती. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याचं पीठ आणि हरभऱ्याचं पीठ एकत्र करून ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार केलं होतं. स्वस्त, पौष्टिक आणि देशी असं हे अन्न होतं. मग टर्कीची बातमी आली. कुपोषित मुलांना दिल्या गेलेल्या काही पिठात अफ्लाटॉक्सिन असल्याचं पुढे उघड झालं. 1971 मध्ये म्हैसूरच्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी मिळून अशा मुलांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. मुलांना बरं करण्यासाठी दिलेलं अन्नच त्यांच्या यकृतावर उठलं होतं.

भारतात कितीतरी वर्षं कायम राहिलेल्या एका आकड्याचं मूळही याच पेचात आहे. 1966 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या प्रथिनविषयक सल्लागार गटाने अशा पूरक अन्नासाठी किलोमागे 30 मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिनची मर्यादा सुचवली. मर्यादा त्याहून कडक केली तर भुकेल्या मुलांपर्यंत प्रथिनंच पोहोचणार नाहीत, असा तो हिशेब होता. भूक आणि विष दोन पारड्यांत घालून काढलेला हा आकडा. भारताच्या अन्नभेसळ कायद्याच्या नियमांतही पुढे हाच 30 येऊन बसला. श्रीमंत देशांचे आकडे त्याच्या कितीतरी खाली होते.

मग 1974 उजाडलं. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल हे शेजारशेजारचे जिल्हे. भिल्लांची वस्ती आणि मका हेच रोजचं अन्न. त्या वर्षी मका काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला, कणसं भिजली आणि तशीच घरात साठवली गेली. थोड्याच दिवसांत गावोगाव कावीळ दिसू लागली. आधी ताप, मग डोळे पिवळे, मग पोटात पाणी. रोग संसर्गाचा असता तर तो एका घरातून दुसऱ्या घरात गेला असता. इथे मात्र जी घरं भिजलेला मका खात होती तीच आजारी पडत होती. त्या घरांतली उष्टं खाणारी कुत्रीही तशीच पोट फुगून मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे के. ए. व्ही. आर. कृष्णमाचारी, रमेश भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपास केला, आणि 1975 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात 397 रुग्ण आणि 106 मृत्यूंची नोंद होती. मक्यात किलोमागे 6 ते 15 मिलिग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन होतं. म्हणजे त्या 30 मायक्रोग्रॅमच्या दोनशे ते पाचशे पट.

यात कोणी भेसळ केली नव्हती. कोणा वाण्याने फसवलं नव्हतं. मका दिसायला खराब होता, ते खाणाऱ्यांनाही दिसत होतं. पण घरात दुसरं धान्य नव्हतं.

महाराष्ट्रालाही बुरशीची ओळख नवी नव्हती. बाजरीवरचा अरगट हा जुना रोग. बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ, दमट हवा राहिली की कणसातून मधासारखा चिकट थेंब गळतो आणि दाण्याच्या जागी काळपट कठीण पेशी तयार होते. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात तेव्हाच्या मुंबई राज्यात अशी बाजरी खाऊन लोकांना उलट्या, भोवळ, गुंगी असा त्रास झाला आणि डॉक्टरांनी त्याची नोंद केली. यावरचा उपाय साधा आहे. बाजरी मिठाच्या दाट पाण्यात ओतायची. अरगट हलका असतो, तो वर तरंगतो आणि काढून टाकता येतो.

ज्वारीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. जुन्या देशी जाती पाऊस सरत आला की फुलायच्या, त्यामुळे दाणा कोरड्या हवेत भरायचा. 1964 मध्ये सीएसएच-1 ही पहिली संकरित ज्वारी आली आणि तिच्यामागे इतर आल्या. पीक लवकर येऊ लागलं, उतारा वाढला, पण परतीचा पाऊस नेमका पिकल्या कणसावर पडू लागला. दाणे काळे पडले. खरिपाची काळी ज्वारी आणि रब्बीची पांढरी मालदांडी अशी फूट बाजारात तेव्हापासून जास्तच ठळक झाली. मंगळवेढ्याच्या मालदांडीला जो भाव मिळतो तो भाकरीच्या चवीचा, आणि तितकाच तिच्या कोरड्या हंगामाचाही आहे. 1995 मध्ये दख्खनच्या काही गावांत पावसात सापडलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. पोषण संस्थेच्या तपासात फ्युमोनिसिन हे दुसऱ्या एका बुरशीचं विष सापडलं. कोणी दगावलं नाही, म्हणून ती बातमी फार दूर गेली नाही. काळ्या ज्वारीला कोंबडीखाद्याचं गिऱ्हाईक मिळालंच होतं. 2007 मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क तयार करणाऱ्या कारखान्यांना अनुदानाचं धोरण आणलं, तेव्हा त्याच्या बाजूने या खराब ज्वारीचंही नाव घेतलं गेलं. त्यावर जो वाद पेटला तो दारूचा होता. ज्वारी काळी का पडते, हे त्यात कोणी विचारलं नाही.

आता दुकानाकडे. शेंगदाण्यात विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. पोत्यातले थोडेसे सुरकुतलेले, रंग बदललेले, फुटके दाणे बहुतेक सगळा भार वाहत असतात. त्यामुळे निवडणं हा खरोखरच परिणामकारक उपाय आहे, आणि निर्यातीचा दाणा त्यासाठीच यंत्राने आणि हाताने निवडला जातो. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्याला किलोमागे एकूण 4 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. भारतात आता खायला तयार दाण्याला 10, प्रक्रियेसाठी जाणाऱ्याला 15, आणि मसाल्यांना 30. पण निवडून बाजूला काढलेला दाणाही कुठेतरी जातोच. अख्ख्या दाण्यात डोळा चालतो. कुटात, चटणीत, चिक्कीत, दळलेल्या तिखटात तो चालत नाही. भाजल्याने थोडं विष कमी होतं, सगळं नाही. भाकरीच्या तव्यावर तर ते बहुतांश टिकतं. रिफाइंड तेलात शुद्धीकरणाच्या क्षाराबरोबर ते निघून जातं, घाण्याच्या कच्च्या तेलात काही उरतं. लाकडी घाण्याचं तेल चढ्या भावाने घेणाऱ्यांनी दाणा कुठला होता हे एकदा विचारायला हरकत नाही.

विषाचा मोठा वाटा तेलात जात नाही, पेंडीत राहतो. पेंड म्हशीपुढे जाते. तिच्या शरीरात बी-1 चं रूपांतर होऊन ते एम-1 या नावाने दुधात उतरतं, आणि दूध उकळून ते जात नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने घेतले आणि निष्कर्ष 2019 मध्ये जाहीर केले. सगळ्यांना उत्सुकता होती ती युरिया आणि डिटर्जंटची. भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने निघाले 12. अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेपेक्षा जास्त असलेले निघाले 368, आणि खुल्या दुधापेक्षा पिशवीतल्या, प्रक्रिया केलेल्या दुधात त्याचं प्रमाण अधिक होतं. प्राधिकरणाने त्याचं मूळ चाऱ्यात आणि पशुखाद्यात असल्याचं सांगितलं.